सांक्ट आंटोन, वाल दिझेर, झेरमाट की लिविन्यो? स्कीनंतरची संध्याकाळ आणि तिचं बिल

बिअरचा भाव बघून स्कीचं गाव ठरवू नका. आल्प्समधल्या संध्याकाळचा खर्च ठरतो तो पार्टी डोंगरावर आहे की खाली गावात, ती कितीला सुरू होते आणि तुमच्या मुक्कामाला स्वयंपाकघर आहे का, यावरून. ग्लासामागे दीड-दोन युरोंचा फरक त्यापुढे किरकोळ आहे.

म्युनिक, झुरिक, लंडनमधल्या मराठी मित्रमंडळींचे बेत थंडीच्या तोंडावर शिजायला लागतात, तेव्हा ही चार नावं हमखास निघतात: ऑस्ट्रियातलं सांक्ट आंटोन, फ्रान्समधलं वाल दिझेर, स्वित्झर्लंडमधलं झेरमाट आणि इटलीतलं लिविन्यो. चौघांचा स्वभाव अगदी वेगळा. पुढचे भाव ढोबळ आहेत, हंगामागणिक थोडे वर सरकतात. युरोला साधारण शंभर रुपये धरा, स्विस फ्रँकला त्याहून थोडे जास्त.

सांक्ट आंटोनमध्ये रात्र दुपारी साडेतीनला सुरू होते. गावात परतायच्या उतारावरच मोझरविर्ट हा बार आहे आणि त्याच्या थोडं वर क्रेझी कँगुरू, जो १९६५ पासून चालू आहे. म्हणजे स्की करून घरी निघालेला माणूस या दोन दारांवरूनच जातो, आणि बहुतेकजण जात नाहीत, थांबतात. बाहेर बर्फात शेकडो स्की खोचलेल्या असतात. आत स्की बूट न काढताच लोक बाकांवर चढून नाचत असतात, भिजलेल्या जॅकेटांच्या वाफेने काचा धुरकटलेल्या असतात आणि वेटर भरलेला ट्रे डोक्यावर धरून त्या गर्दीतून एक थेंब न सांडता वाट काढत असतो. गाणी जर्मन, शब्द कळले नाहीत तरी दुसऱ्या कडव्याला तुम्ही ओरडायला लागता. अनोळखी माणसं खांद्यावर हात टाकतात. आणि आठच्या सुमाराला हे सगळं आटोपतं, दिवे लागतात, लोक खाली उतरतात, जेवतात. ज्यांना अजून दम आहे ते गावातल्या बारमध्ये दुसरी पाळी लावतात.

इथे अर्धा लिटर बिअर साडेसहा ते साडेसात युरो, येगरटे म्हणजे रम घातलेला गरम चहा जवळपास तितकाच. हे भाव परवडतात. बिल फुगतं ते छोट्या शॉटमुळे. एकेक तीन-चार युरोंचाच असतो, पण तो एकटा येत नाही. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी शॉट मांडलेली अख्खी फळी मागवून तुमच्या हातात एक ग्लास देतो, मग परतफेड म्हणून तुम्ही फळी मागवता, आणि टीटीएमएम ठरवून आलेला ग्रुप तासाभरात हिशेब विसरतो. शॉटसाठी वेगळे पैसे आधीच काढून एकाच्या खिशात ठेवले आणि ते संपले की थांबायचं ठरवलं, तर सांक्ट आंटोन चौघांत दुसरं स्वस्त गाव ठरतं. रोख जवळ असू द्या. टिप म्हणून बिल वरच्या आकड्याला नेऊन द्यायची पद्धत आहे.

या गावाची आणखी एक जमेची बाजू म्हणजे रेल्वे. झुरिकहून अडीच तासांच्या आसपास, इन्सब्रुकहून त्याच्या निम्म्या वेळात गाडी थेट गावाच्या मध्यावर सोडते. शनिवार-रविवारची छोटी सहल जमते, गाडी चालवायला कुणाला कोरडं राहावं लागत नाही. पण नवशिक्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हानेस श्नायडरने १९२१ मध्ये स्की शाळा काढली ते हे गाव, आणि इथले उतार आजही कसलेल्या लोकांचे आहेत. मोझरविर्टपासून खाली यायचा तुकडा दिवसा सोपा वाटतो. अंधारात, उखडलेल्या बर्फावर, पोटात दोन बिअर असताना तो सोपा नसतो. स्की हातात घेऊन चालत उतरा, त्यात कमीपणा काही नाही.

ऑस्ट्रियाच्या याच टिरोल प्रांतातल्या इशगल या गावाबद्दल कुणी ना कुणी विचारतंच. तिथे आवाज आणि बिल दोन्ही एक पायरी वर असतात, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला मोठ्या कलाकारांचे कार्यक्रम होतात. गर्दी इतकी की रात्री आठनंतर गावात स्की बूट घालून फिरायला बंदी घालावी लागली. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी सांक्ट आंटोनच सुचवेन.

वाल दिझेरची गोष्ट उलटी. इथे सगळ्यात मोठी पार्टी सगळ्यात उंचावर आणि सगळ्यात लवकर होते. ला दाय गंडोलाच्या, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेच्या, वरच्या टोकाला ला फोली दूस हा बार आहे. जेवणाच्या वेळेनंतर लगेच तिथे गायक, नर्तक आणि डीजे गच्चीवर उतरतात, लोक टेबलांवर चढतात, आणि लिफ्ट बंद व्हायच्या सुमाराला, पाचच्या आत, सगळं संपतं. हा प्रकार एकदा बघावाच. भर उन्हात, चोहोबाजूंनी शिखरं आणि मधोमध एवढा मोठा तमाशा, असं दृश्य दुसरीकडे सहसा मिळत नाही. स्की न येणाऱ्यांनाही गंडोलाने वर जाऊन गंडोलानेच परत येता येतं, ही मोठी सोय आहे. पण तिथे पिंटला, म्हणजे साधारण अर्धा लिटर बिअरला, नऊ ते अकरा युरो मोजावे लागतात, आणि टेबल राखून ठेवून बाटली घ्यायची म्हटली तर आकडा शेकड्यांत जातो. माझं ठाम मत असं की तीनला जा, एकच ग्लास घ्या, शेवटची धांदल उडायच्या आत गंडोला पकडा.

खाली उताराच्या पायथ्याशी कोकोरिको हा बार आहे, तिथे बँड वाजत असतो. खरी बचत मात्र गावातल्या पबमध्ये, हॅपी अवरच्या वेळी. तेव्हा पिंट पाच-सहा युरोंना मिळते, एरवी आठ-नऊ. फ्रान्समध्ये २००९ पासून कायदाच आहे की हॅपी अवरमध्ये दारू स्वस्त दिली तर बिनदारूची पेयंही त्याच वेळी स्वस्त द्यायची. चौघांतला एक न पिणारा असेल तर त्याच्या लिंबू-सोड्याला पूर्ण भाव आकारला जात नाहीये ना, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे.

वाल दिझेर सर्वांत फायदेशीर ठरतं ते सहा-आठ जणांच्या ग्रुपला. इथे आठवडाभर अपार्टमेंट घ्यायची पद्धत जुनी आहे, बहुधा शनिवार ते शनिवार. सुपरमार्केटमधली बरी वाइन पाच-सात युरोंत येते, कुकर लावून वरण-भात होतो, आणि रात्रीची बैठक खोलीतच जमते. बारमध्ये सहाजणांनी दोन राऊंड घेतले तर शंभरी सहज ओलांडते, खोलीत तेवढ्यात तीन रात्री निघतात. उशिरापर्यंत जागायचं असेल त्यांच्यासाठी क्लब आहेत आणि ब्रिटिश लोकांचा राबता इतका की फ्रेंच न येऊनही अडत नाही. दोन दिवसांसाठी मात्र वाल दिझेर नको. बूर-सँ-मोरीसपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, यातच वेळ जातो.

झेरमाट थोडक्यात आटोपतो. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नाहीत, समोर मॅटरहॉर्नचं शिखर, आणि वरच्या फुरीकडून गावात येणाऱ्या उतारावर हेनू श्टाल नावाचा बार, जिथे चारच्या पुढे उभं राहायला जागा नसते. पण अर्धा लिटर बिअर आठ-दहा फ्रँक आणि क्लबमधलं एक कॉकटेल सोळा ते वीस. सर्व्हिस भावातच धरलेली असते, तेवढाच दिलासा. मिग्रोसमध्ये जाऊन बिअरचे डबे घेऊ म्हणाल तर मिळणार नाहीत. मिग्रोसची सुपरमार्केटं आजही दारू विकत नाहीत, आणि २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून हा नियम कायम ठेवला. कोऑप या दुसऱ्या सुपरमार्केटमध्ये मिळते. झेरमाटला डोंगर बघायला जा, एक रात्र मजेत काढा. दारूसाठी म्हणून जाऊ नका.

लिविन्यो हे मराठी मंडळींत सर्वांत कमी माहीत असलेलं आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखलं गेलेलं गाव. समुद्रसपाटीपासून १८१६ मीटरवर असलेल्या या खोऱ्यात व्हॅट लागत नाही. ही करमुक्ती जुनी आहे, रस्ते बंद पडणाऱ्या दुर्गम खोऱ्यात माणसं टिकून राहावीत यासाठी दिलेली. त्यामुळे मुख्य रस्त्यावर दारूची आणि अत्तरांची दुकानं ओळीने आहेत आणि एरवी वीस युरोंची बाटली इथे बारा-पंधराला मिळते. परतताना मात्र जपून. कडक दारू माणशी १ लिटरपेक्षा जास्त नेता येत नाही, आणि कस्टमवाले गाड्या खरंच थांबवतात. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्नोबोर्ड आणि फ्रीस्टाइल स्पर्धांसाठी हेच गाव निवडलं गेलं, तेव्हा नाव सर्वतोमुखी आणि भाव थोडे चढे, हे गृहीत धरा.

इथली संध्याकाळ धांगडधिंग्याची नाही, अगदी नाहीच असंही नाही. मोत्तोलिनो या स्कीच्या डोंगराच्या पायथ्याशी तेआ देल विदाल या बारमध्ये चार वाजता चांगली गर्दी असते. पण इटालियन लोकांना रेटून प्यायची सवय नाही. पाच-सात युरोंचा स्प्रिट्झ, म्हणजे वाइनमध्ये सोडा आणि कडवट लिक्यूर घातलेलं पेय, मागवला की बरोबर ऑलिव्ह, चिप्स, पावाचे तुकडे असा चखणा बहुतेक ठिकाणी येतो, वेगळे पैसे न लावता. सहापासून आठपर्यंत दोन ग्लास आणि चखणा यावर जेवण उशिरा ढकलता येतं. स्थानिक ब्रुअरी आहे, तिने गावाच्या उंचीवरून १८१६ हेच नाव घेतलंय, तिची बिअर चाखून बघा. थंडीत बोम्बार्दिनो छान लागतो, पण तो अंड्याच्या लिक्यूरमध्ये ब्रँडी घालून केलेला असतो. अंडं न खाणाऱ्यांना हे आधी सांगा, वर क्रीम असल्यामुळे दिसत नाही. लिविन्योची अडचण एकच, पोचणं. रेल्वे नाही, मिलानकडून चार-पाच तास, स्वित्झर्लंडकडून यायचं तर एका वेळी एकाच दिशेने वाहतूक सोडणारा, टोल भरायचा बोगदा.

एकाच माणसाची सारखीच संध्याकाळ चारही गावांत मांडून बघू: उतारावर दोन मोठ्या बिअर, एक गरम पेय, गावात आल्यावर आणखी एक बिअर, रात्री क्लबमध्ये एक कडक पेय. लिविन्योत तीस-बत्तीस युरो होतात. सांक्ट आंटोनमध्ये चाळीसच्या आत-बाहेर, शॉट धरले नाहीत तर. वाल दिझेरमध्ये हॅपी अवर साधला तर पंचेचाळीस, चुकला तर पन्नासच्या जवळ. झेरमाटमध्ये बावन्न-त्रेपन्न फ्रँक. पण वाल दिझेरमध्ये गावातली बिअर आणि क्लब वगळून तेवढंच खोलीत घेतलं तर तिथली रक्कम तीसवर येते आणि ते लिविन्योच्या बरोबरीला बसतं. म्हणूनच सुरुवातीला स्वयंपाकघराचं म्हटलं.

न पिणाऱ्यांचा विचार आपल्याकडच्या ग्रुपमध्ये फार कमी केला जातो आणि बिल मात्र समान वाटलं जातं, हे मला अजिबात पटत नाही. ऑस्ट्रियात कायदा आहे की दारू देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी किमान दोन थंड बिनदारूची पेयं लिटरमागे सर्वांत स्वस्त थंड दारूपेक्षा महाग असता कामा नयेत. सफरचंदाच्या रसात सोडा घालून मागा किंवा स्कीवासर, म्हणजे रासबेरीचं सरबत. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते. इटलीत गरम चॉकलेट इतकं दाट येतं की चमच्याने खावं लागतं.

स्की करताना पिण्याबद्दल इटली सर्वांत कडक आहे. २०२२ पासून रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, म्हणजे गाडी चालवायला जी तीच. ती ओलांडली तर किमान २५० युरो दंड आणि ०.८ च्या पुढे फौजदारी गुन्हा. बाकी देशांत पोलिसांनी धरलं नाही तरी विम्याची कंपनी धरते. प्यायलेल्या अवस्थेत झालेल्या अपघाताचा खर्च बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, आणि हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या सगळ्या सहलीपेक्षा मोठं असतं. उतार बंद झाल्यावर बर्फ सारखा करणारी यंत्रं निघतात, त्यांच्या पोलादी दोऱ्या अंधारात दिसत नाहीत. दारूने अंगाला ऊब वाटते, प्रत्यक्षात शरीर जास्त वेगाने गार पडतं, आणि बारमधून एकट्याने खोलीकडे निघालेली माणसं थंडीने गेल्याच्या घटना आल्प्समध्ये झालेल्या आहेत. एकट्याला कुणालाच परत पाठवू नका.

खोली बुक करताना नकाशावर बार ते बिछाना हे अंतर मोजा. सांक्ट आंटोनमध्ये नास्सेराइन या भागातली खोली स्वस्त मिळते, पण मध्यावरून पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. वाल दिझेरमध्ये ला दायला राहिलात तर गावातली फुकट बस कितीपर्यंत चालते ते आधी बघून ठेवा. लिविन्यो कित्येक किलोमीटर लांबट पसरलंय, तिथे खोली मुख्य पादचारी रस्त्याच्या जवळच घ्या, थोडी महाग पडली तरी.