मूठ नवी आली, चाकू मात्र गेला

माझ्या वडिलांच्या घडीच्या चाकूची मूठ बदलून घेण्यासाठी मी तो एका अनोळखी कारागिराकडे पाठवला आणि सव्वीस दिवसांनी त्याने नवी मूठ बसवलेला दुसराच चाकू मला परत पाठवला. गेलेली रक्कम मोठी नाही, पण गेलेली वस्तू पुन्हा मिळण्यासारखी नाही. ही फसवणूक ज्या पद्धतीने झाली ती पद्धत इतकी सोपी आहे, की जुना चाकू जपणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

चाकू व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, ९१ मिलिमीटर लांबीचा, 'क्लाइंबर' या नावाने ओळखला जाणारा होता. १९८६ साली कंपनीच्या कामासाठी वडील स्वित्झर्लंडला गेले असताना त्यांनी तो घेतला होता. मोठे पाते, छोटे पाते, कात्री, डबा फोडण्याचे आणि बाटली उघडण्याचे पाते, बूच काढण्याचा मळसूत्री दांडा, टोचा, आणि मुठीत खोवलेले चिमटा व दातकोरणे, एवढे सारे त्या लाल मुठीच्या आत मावले होते. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर काकडी कापण्यापासून घरातला फ्यूज बांधण्यापर्यंत तो त्यांच्या खिशात असे. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला.

२०२५ च्या मार्च महिन्यात खिडकीच्या गजांना रंग देत असताना थिनरची बाटली कलंडली आणि चाकू त्यात पडून राहिला. या चाकूंच्या मुठीच्या दोन्ही बाजूंच्या लाल पट्ट्या 'सेलिडोर' नावाच्या, सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव्य लागले की हे प्लॅस्टिक मऊ पडते. एका बाजूची पट्टी पांढुरकी व चिकट झाली, तिच्यावरचा क्रॉस विस्कटला. दुसरी बाजू मात्र जवळजवळ शाबूत राहिली. मी पातळ सुरी घालून दोन्ही पट्ट्या हलकेच उचकटल्या, आणि त्या सहज सुटून आल्या.

पुढचे सारे समजण्यासाठी रचना थोडी सांगणे आवश्यक आहे. या प्रकारच्या चाकूत पाती, स्प्रिंगा आणि त्यांच्यामधल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या पितळी खिळ्यांनी एकत्र आवळलेल्या असतात. त्या खिळ्यांची टोके दोन्ही बाजूंना किंचित बाहेर आलेली असतात आणि मुठीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला त्या टोकांसाठी खोलगट जागा केलेल्या असतात. पट्टी त्यांवर दाबून बसवली की ती घट्ट पकडते. म्हणजे पट्टी हे केवळ वरचे आवरण आहे. ती काढली तरी चाकू आपल्या जागी पूर्ण असतो. मूळ लाल पट्ट्यांची जोडी सुटी मिळते आणि हाताच्या अंगठ्यांनी, फार तर दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये दाबून, ती पाच मिनिटांत बसते. मी तेव्हाच हे केले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

परंतु मला शिसवी मूठ हवी होती आणि तिच्यावर वडिलांच्या नावाची आद्याक्षरे कोरून घ्यायची होती. समाजमाध्यमावर एका माणसाची जाहिरात दिसली. त्याने केलेल्या कामाची छायाचित्रे सुंदर होती. फोनवर तो अत्यंत अदबीने बोलला. आरंभी त्याने मला सांबरशिंगाची मूठ सुचवली. "साहेब, गळून पडलेलं शिंग आहे, त्याला काही होत नाही," असे तो म्हणाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार चालत नाही आणि शिंग आपोआप गळलेले आहे या सबबीने तो वैधही ठरत नाही, हे मला माहीत होते. मी स्पष्ट नकार दिला आणि शिसव ठरवले. त्याच क्षणी मी संभाषण थांबवायला हवे होते. जो माणूस पहिल्याच बोलण्यात गिऱ्हाइकाला बेकायदा वस्तू देऊ करतो, त्याच्या हाती आपली वस्तू सोपवू नये, एवढा साधा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही. उलट माझा नकार त्याने चटकन मान्य केला, याचेच मला समाधान वाटले.

मी त्याला विचारले, "नुसत्या पट्ट्या करून पाठवता येणार नाहीत का? मी घरीच बसवीन."

"नाही साहेब, चाकू हातात आल्याशिवाय माप लागत नाही. जुन्या चाकूचे खिळे झिजलेले असतात, अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झालं तर लाकूड तडकतं. हे प्लॅस्टिक नाही."

हे बोलणे ऐकायला जाणकाराचे वाटते, म्हणूनच ते धोक्याचे आहे. हातघडणीच्या चाकूत, जिथे मूठ खिळे ठोकून कायमची बसवलेली असते, तिथे ते खरेही असते. परंतु कारखान्यात ठरावीक मापाने बनलेल्या ९१ मिलिमीटरच्या चाकूला ते लागू पडत नाही. चांगले कारागीर या मापाच्या लाकडी पट्ट्या तयार करून नुसत्या पट्ट्याच विकतात. चाकू मागण्याचे कारण माप नव्हते. चाकू हवा होता, हेच कारण होते.

एकूण २,४०० रुपये ठरले, त्यांपैकी १,००० रुपये मी यूपीआयने आगाऊ पाठवले. त्याने आणखी दोन सूचना केल्या. पहिली अशी, की जुन्या पट्ट्या काढलेल्याच असतील तर पाठवू नका, त्यांचा उपयोग नाही. दुसरी अशी, की कुरिअरच्या पावतीवर 'चाकू' असे लिहू नका, नाहीतर ते लोक पार्सल घेत नाहीत. 'गृहोपयोगी वस्तू' लिहा आणि किंमत ५०० रुपये दाखवा. मी तसेच केले. म्हणजे माझ्या वडिलांचा चाकू मी त्याला दिला होता याचा एकमेव कागद मी स्वतःच्या हाताने निरुपयोगी करून टाकला. ही दुसरी सूचना मी कुणालाही मोठ्या अक्षरांत लिहून दाखवीन: वस्तूचे खरे नाव आणि खरी किंमत ज्या पावतीवर नाही, ती पावती तक्रारीच्या वेळी आपल्या बाजूने उभी राहत नाही.

एप्रिलच्या मध्यात पार्सल आले. लाकूड गडद तपकिरी, चकचकीत, आद्याक्षरे नेटकी. माझे सारे लक्ष त्या मुठीकडे गेले, आणि या फसवणुकीचे मर्म नेमके इथे आहे. आपण चाकू ओळखतो तो त्याच्या मुठीवरून: तिचा रंग, तिच्यावरचे चरे, कोपऱ्यावरची झीज, बोधचिन्ह. मूठच बदलायला दिली की ओळखीची प्रत्येक खूण जाणार आहे हे आपण आधीच मान्य केलेले असते. चाकू वेगळा दिसला तर तो वेगळा दिसणारच होता, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. मीही घातली. पाते मिटताना होणारा 'खट्' असा भरीव आवाज येईना, तेव्हा त्याने तेल घातले असेल असे मला वाटले. पाती अधिक उजळ दिसली, तेव्हा त्याने ती घासून दिली असतील असे वाटले. उरलेले १,४०० रुपये मी त्याच संध्याकाळी पाठवून दिले.

चाकू बदललेला आहे हे ओळखले माझ्या आईने. मेच्या अखेरीस ती उशीचा अभ्रा शिवत होती आणि दोरा कापायला तिने चाकूची कात्री उघडली. दोरा कापला न जाता दोन पात्यांमध्ये चावला गेला. तिने पुन्हा प्रयत्न केला, चाकू उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा ह्यांचा नाही. ह्यांच्या कात्रीनं मी पस्तीस वर्षं दोरे कापलेत."

मग मी भिंग घेऊन बसलो. व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी, जिथे ते मुठीत शिरते तिथे, कंपनीचे नाव ठसवलेले असते; वडिलांच्या चाकूत त्याच्या मागल्या बाजूला 'ऑफिसिए स्विस' ही अक्षरेही होती. या पात्यावर दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. पाठीच्या बाजूला कात्रीमागे एक छोटा आकडा, म्हणजे हूक, होता. पिशव्यांची दोरी अडकवून उचलण्यासाठीचा हा आकडा कंपनीने १९९१ साली आणला. १९८६ च्या चाकूत तो असणेच शक्य नव्हते. नक्कल करणाऱ्याने नव्या चाकूची नक्कल केली होती. दीड महिना तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी लाकडाचे रेषे पाहत होतो. पावसाळा सुरू झाल्यावर पात्यांमधल्या पातळ पट्ट्यांवरही तांबूस गंज दिसू लागला, जो ॲल्युमिनियमवर येत नाही. शिसवही शिसव नव्हते. ओल्या हाताने धरले की तळव्याला रंग लागत होता.

त्या माणसाला फोन केला. त्याचा आवाज तितकाच शांत होता. "साहेब, झिजलेले पार्ट बदलले, तुम्हीच म्हणाला होतात की चांगलं करून द्या." जुने भाग परत मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवसापासून माझा क्रमांक त्याने अडवला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर मी तक्रार नोंदवली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवरही नोंदवली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. सोपवलेली वस्तू लाटणे आणि फसवणूक करणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे ३१६ आणि ३१८ या कलमांखालचे गुन्हे आहेत, हे मी अर्जात लिहिले. ठाण्यातील अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे सहानुभूतीने ऐकले आणि एकच प्रश्न विचारला: तुमचा चाकू हा नव्हता, हे कशावरून? माझ्याकडे त्या चाकूची अकरा छायाचित्रे निघाली. एकूण एक छायाचित्रात तो मिटलेला, लाल मूठ वर करून ठेवलेला होता. पाती उघडलेले, ठसा दाखवणारे, पाठीकडची बाजू दाखवणारे एकही नव्हते. पावतीवर ५०० रुपयांची गृहोपयोगी वस्तू होती.

अखेर उपयोगी पडली ती त्याने नको म्हटलेली जुनी पट्टी. शाबूत राहिलेली लाल पट्टी मी चिमट्यासह खणात ठेवली होती. परत आलेल्या चाकूची एका बाजूची लाकडी पट्टी काढून मी ती त्यावर बसवून पाहिली. ती बसेना. एका टोकाचा खिळा खोलगट जागेत गेला की दुसरा बाहेर राहत होता. खिळ्यांमधले अंतरच जुळत नव्हते. ज्या चाकूवर ती जवळजवळ चाळीस वर्षे बसलेली होती तो हा नव्हे, हे कुणालाही हातात घेऊन पाहता येईल असे दिसत होते. याची चित्रफीत मी अर्जाला जोडली आहे. तेव्हापासून अर्ज पुढे सरकला आहे, निकाल अद्याप लागलेला नाही.

ज्यांना आपल्या चाकूची मूठ बदलायची असेल त्यांनी आधी चाकू पूर्ण उघडून, प्रत्येक पाते, ठसा, पाठ आणि खिळे दिसतील अशी छायाचित्रे काढावीत आणि जुन्या पट्ट्या कदापि टाकू नयेत. शक्य असेल तिथे पट्ट्या घरी मागवाव्यात, चाकू बाहेर पाठवू नये. पाठवणे अटळच असेल, तर आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सुईने एखादी बारीक खूण करून तिचेही छायाचित्र ठेवावे, आणि चाकू परत आल्यावर मूठ पाहण्यापूर्वी ती खूण शोधावी. उरलेले पैसे त्यानंतरच द्यावेत.

माझ्या वडिलांचा चाकू बहुधा आता एखाद्या नव्या मुठीत विक्रीला असेल. पाठीमागे आकडा नसलेला जुना क्लाइंबर. मोठ्या पात्याच्या टोकापासून साधारण बोटभर अंतरावर धारेला एक छोटा खाचा आहे, तो १९९४ साली तांब्याची तार कापताना पडला. डबा फोडण्याच्या पात्याचे टोक किंचित डावीकडे वाकलेले आहे. असा चाकू कुणाला दाखवला गेला, तर कृपया विक्रेत्याला काही न बोलता त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि मला कळवावे. लाल पट्टी मी जपून ठेवली आहे. ती त्यावर बसते की नाही, हे लगेच पाहता येईल.