‘आपले अभिलेख’ पोर्टल: वंशावळ शोधणाऱ्याने कसं वापरावं

महसूल विभागाचं ‘आपले अभिलेख’ हे पोर्टल बनलं ते जमिनीसाठी. वकील, जमीन घेणारे आणि वाटणीचा दावा चालवणारे भाऊबंद हे त्याचं खरं गिऱ्हाईक. तरीही घराण्याचा माग काढणाऱ्या मराठी माणसाला घरबसल्या मिळेल असा याच्याइतका भरवशाचा साठा दुसरा नाही. त्याचं कारण म्हणजे वारस फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क मयताकडून वारसांकडे गेल्याची नोंद. खातेदार मयत झाला की कोण, कधी, कोणाच्या मागे आलं हे तलाठ्याने लिहिलं, मंडळ अधिकाऱ्याने तपासलं आणि वर शेरा मारला. घरातल्या आठवणींना असा तारखेचा आधार क्वचितच असतो.

मात्र आडनाव टाकलं आणि पणजोबा समोर आले, असं इथे होत नाही. शोध चालतो तो गाव आणि क्रमांक यांवर. म्हणून सुरुवात या पोर्टलवर न करता ‘महाभूलेख’ या सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर करावी. तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडून खातेदाराच्या नावाने सातबारा शोधता येतो. पहिल्या नावाने शोधलेलं बरं, कारण आडनावाचं शुद्धलेखन दर पिढीत बदललेलं असतं. सातबारा हाती आला की तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: गट नंबर, नावापुढे वर्तुळात दिलेला फेरफार क्रमांक, आणि उताऱ्यावरच्या ‘जुने फेरफार क्र.’ या चौकटीतली आकड्यांची रांग. वंशावळीचा कच्चा नकाशा त्या रांगेत असतो आणि बहुतेक जण नेमकी तीच चौकट वाचत नाहीत. कंसात टाकलेली नावंही सोडू नयेत. कंस म्हणजे तो हक्क कमी झाला. तो माणूस बहुधा मयत झालेला असतो किंवा वाटणीने, विक्रीने बाहेर पडलेला असतो.

मग ‘आपले अभिलेख’वर नोंदणी करून लॉगिन करायचं. कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि क्रमांक एवढं भरलं की सालवार यादी येते. हवी ती फाइल कार्टमध्ये टाकायची, कार्ट तपासून पुढे जायचं आणि उपलब्ध झाली की उघडून पाहायची. पहिली अडचण कार्यालय निवडतानाच येते. फेरफार, जुने सातबारा, खाते उतारे तहसील कार्यालयाकडे असतात; मोजणीची टिपणं, आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद), एकत्रीकरणाचे कागद भूमी अभिलेखाकडे; शहरी घराची मिळकत असेल तर नगर भूमापनाकडे. चुकीचं कार्यालय निवडलं तर ‘काही सापडलं नाही’ एवढंच कळतं, आणि माणूस समजतो की कागदच नाहीत. जिल्ह्याचंही तेच. पोर्टलवर आलेल्या सुरुवातीच्या सात जिल्ह्यांत अकोला, अमरावती, धुळे, मुंबई उपनगर, नाशिक, पालघर आणि ठाणे होते, नंतर यादी वाढत गेली. पालघर ठाण्यातून वेगळा झाला तो २०१४ साली, नंदुरबार आणि वाशीम १९९८ साली. त्यामुळे जुन्या कागदावर ‘जिल्हा ठाणे’ असला तरी शोध पालघरखाली करावा लागू शकतो. तालुके फुटले तिथे हा घोळ अजून वाढतो.

फेरफार क्रमांक हाती नसेल तरी अडू नये. प्रत्येक गावात हे क्रमांक एकापासून सलग चढत जातात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. तो गावोगाव लागू होत गेला, म्हणून पहिला फेरफार कोणत्या साली पडला हे गावागणिक वेगळं. गावातले दोन फेरफार सालासकट माहीत असले की मधल्या सालातला क्रमांक साधारण कुठे पडेल याचा अंदाज बांधता येतो. पणजोबांच्या मृत्यूचं अंदाजे साल धरून त्याच्या पुढच्या क्रमांकांकडे सरकत जावं. वारसनोंद उशिराच झालेली असते.

फेरफाराच्या पानावर चार रकाने असतात. पहिल्यात क्रमांक, दुसऱ्यात मिळवलेल्या हक्काचं स्वरूप, तिसऱ्यात कोणत्या जमिनीवर परिणाम झाला ते, चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. आपल्याला हवी ती माहिती दुसऱ्या रकान्यात असते: अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, वर्दी (खबर) अमक्याने दिली, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक. इथली परिभाषा आधी अंगवळणी पडायला हवी. ‘राणू बिन सखाराम’ म्हणजे सखारामाचा मुलगा राणू. खानदेश, मराठवाडा, विदर्भात त्याच जागी ‘वलद’ येतं. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ नंतर येतं ते नवऱ्याचं नाव. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून पालनकर्त्याचं नाव दिलेलं असतं. ते बहुतेक वेळा आईचं असतं, आणि जुन्या पिढीतल्या बाईचं नाव सापडण्याची ही सगळ्यात चांगली जागा. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ दिसलं तर थांबा: तो एकत्र कुटुंबाचा कर्ता, म्हणजे थोरल्याचं एकट्याचं नाव लागलंय आणि धाकटे भाऊ कागदाबाहेर आहेत. ते पुढे वाटपाच्या फेरफारात उगवतात. ‘एकुलता एक मुलगा’ म्हणून वंशावळीत शिरलेले कितीतरी पणजोबा मुळात चार भावांतले थोरले असतात.

मुलींची गोष्ट वेगळी. १७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला, त्याआधीच्या वारसनोंदींत मुली सहसा नाहीतच. त्यानंतरच्या नोंदींत त्या येतात, बऱ्याचदा सासरच्या नावासकट, आणि थोड्याच काळात हक्कसोडपत्राच्या फेरफाराने बाहेरही पडतात. भावांच्या दृष्टीने तो व्यवहार असतो, पण शोधणाऱ्याला तिथे आत्यांची सासरची आडनावं आणि गावं एका ओळीत मिळतात. म्हणून वारसाचा फेरफार मिळाला की हक्कसोडीचाही शोधावाच.

शोध सगळ्यात जास्त अडतो तो गट आणि सर्व्हे नंबर यांच्या सांध्यावर. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. जिथे जमिनीचे तुकडे जोडण्याची ती योजना झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आजचा गट ४१२ जुन्या फेरफारात ४१२ म्हणून नसतोच. मधला दुवा म्हणजे एकत्रीकरणाचे ९(३), ९(४) चे उतारे. ते भूमी अभिलेखाकडे. त्यातून जुना सर्व्हे व हिस्सा नंबर काढायचा आणि मगच मागे जायचं. हा टप्पा गाळून आजच्याच क्रमांकाने जुने कागद उघडले तर भलत्याच घराण्याची वंशावळ तयार होते. गाव तेच आणि आडनावही बहुधा तेच, त्यामुळे चूक लक्षातसुद्धा येत नाही.

दुसरी नेहमीची चूक नावांची. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्याने ‘सखाराम राणू’ आणि ‘राणू सखाराम’ आलटून पालटून येत राहतात आणि दोन पिढ्या एकीत गोळा होतात. प्रत्येक नावाला फेरफाराचं साल चिकटवून ठेवलं तर हे टळतं. ते साल मात्र नोंदीचं, मृत्यूचं नव्हे. कधीकधी दोन पिढ्यांचे मृत्यू एकाच नोंदीत उरकलेले असतात. चौथा रकाना न वाचता पुढे जाऊ नये. तिथे ‘रद्द’ असेल तर ती नोंद हक्काच्या दृष्टीने निकामी आहे. वंशावळीसाठी तिचा उपयोग आहे, पण तक्रार कोणी आणि का केली हे पाहूनच.

जमीन मालकीची नसेल तर? कुळांनी सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना पाहावा. कूळ कायद्याने कसणाऱ्याला मालक ठरवलं त्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाआधी कसणाऱ्याचं नाव तिथे असतं आणि त्याच कायद्याच्या कलम ३२ ग च्या फेरफारानंतर ते मालकीच्या रकान्यात येतं. महार वतनाच्या, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या, जमिनींत भाऊबंदांची लांब यादी एकाच नोंदीत मिळू शकते. जमिनीशी काहीच संबंध नसलेल्या घरांना मात्र हे पोर्टल रिकाम्या हाताने परत पाठवतं. त्यांच्यासाठी गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, आणि शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हेच मार्ग. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामानंतर अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर अशा कागदांच्या स्कॅन प्रती आल्या आहेत. दाखला काढायचा नसला तरी त्या चाळाव्यात.

मराठवाड्यात आणि विदर्भात वर सांगितलेली सगळी चौकट बदलते. निजामी मुलखात सातबाऱ्याच्या जागी खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि सालाच्या जागी फसली सन, म्हणजे महसुली वर्ष. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतं, म्हणजे १३५० फसली हे १९४०-४१. विदर्भात अधिकार अभिलेख आणि त्यामागे बंदोबस्ताच्या (सारा ठरवतानाच्या पाहणीच्या) मिसली, म्हणजे फायली. जुने कागद मोडीत, मराठवाड्यात उर्दूतही. स्कॅन फिकट असेल तर मोडी वाचणाराही नावाच्या पहिल्या अक्षरावर अडखळतो. अशा वेळी त्याला एकटं पान न देता त्याच तलाठ्याच्या हातची आजूबाजूची तीन-चार पानं द्यावीत, म्हणजे अक्षराचं वळण कळतं.

या साठ्याची इतरांशी तुलना करायची तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या अजून मागे जातात आणि त्यांत बायकांची नावं जास्त मिळतात. पण मूळ गाव अचूक माहीत नसेल तर कोणाची वही उघडायची हेच कळत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या घरांनी हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, कधी येतो ते गावात विचारून ठेवावं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या आहेत, दख्खनच्या शेतकऱ्याला त्यांचा उपयोग थोडाच. इनाम किंवा वतन असलेल्या घराण्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरात इनाम कमिशनच्या, म्हणजे इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी आयोगाच्या, काळातले कागद पाहावेत. १८५२ नंतर इनामदारांना आपला हक्क वंशक्रमासह सिद्ध करावा लागला होता.

मिळालेल्या फाइलला नाव देताना गाव, अभिलेखाचा प्रकार, क्रमांक, साल हा क्रम ठेवावा: ‘फेरफार-३१७-१९२८’ असं नुसतं लिहिलं तर वर्षभराने गाव कोणतं हे आठवत नाही. ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीतच नावं भरावीत आणि फेरफार हा ‘स्रोत’ म्हणून जोडावा. नातेवाइकांना वंशावळ पाठवताना हयात माणसांची नावं आणि गट नंबर काढून टाका. जमिनीचा वाद कुठल्या घरात निजलेला आहे हे बाहेरून कळत नाही. आणि कोर्टात किंवा दाखल्यासाठी कागद लागणार असेल तर स्क्रीनवर पाहिलेल्या फाइलवर विसंबू नका. तिच्यावरचा क्रमांक आणि साल घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात प्रमाणित नकलेचा अर्ज द्या. नेमका क्रमांक दिला की कारकुनाला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, शोधत बसावं लागत नाही.