ॲनापोलिस: पाहुण्या संघाच्या माणसांनी मुद्दाम जावं असं गाव

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाचा फुटबॉल सामना नेव्हीच्या, म्हणजे मेरिलँडमधल्या ॲनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीच्या, मैदानावर असेल तर तिकीट काढा आणि दोन रात्रींच्या मुक्कामानं जा, असं मी फिलाडेल्फियातल्या ओळखीच्या सगळ्या मराठी आईबापांना सांगत सुटले आहे. लेक टेंपल विद्यापीठात शिकते, त्यामुळे अमेरिकी कॉलेज फुटबॉल आमच्या घरात आला आणि रुळला. इथले लोक म्हणतात, नेव्ही बघायची तर आर्मी-नेव्ही सामना बघा, तो कितीदा तरी आपल्याच शहरात होतो. मला ते पटत नाही. त्या सामन्यात भूदलाची आणि नौदलाची, दोन्ही अकादम्या पाहुण्या असतात. नेव्ही तिच्या घरी बघायची, आणि तीही समोरच्या संघाचा शर्ट घालून. यजमान कसे आहेत ते तेव्हाच कळतं.

माझे बाबा भारतीय नौदलात होते. शाळेची वर्षं कुलाब्याच्या नेव्हीनगरात गेली आणि मे महिने मालवणात. नौदलाच्या गावात मी थोडी जास्त बारकाईनं बघते, हे आधीच सांगून ठेवते.

शनिवारचा सामना असला तरी शुक्रवारी सकाळी अकराच्या आत पोचा. नेव्हल अकादमीच्या आवाराला सगळे यार्ड म्हणतात. पहिल्या फाटकाशी पाहुण्यांचं केंद्र आहे, तिथून तपासणी होऊन आत सोडतात. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. भारतातून आलेले आईबाबा किंवा सासूसासरे बरोबर असतील तर त्यांचे मूळ पासपोर्ट घ्या, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. हवा चांगली असली की कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास बॅनक्रॉफ्ट हॉलसमोरच्या पटांगणात जेवणाआधीची हजेरी होते. बॅनक्रॉफ्ट हॉल म्हणजे वसतिगृह. सगळी ब्रिगेड, सुमारे साडेचार हजार मुलंमुली, या एका इमारतीत राहते. बँड वाजतो, कंपन्या, म्हणजे ब्रिगेडच्या तुकड्या, रांगेत उभ्या राहतात, हजेरी दिली जाते आणि बघता बघता सगळे आत जेवायला जातात. आमच्या समोरच्या कंपनीला हुकूम देणारी मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची होती. आवाज असा खणखणीत, की लेक बोलायची थांबली. या अकादमीत मुलींना पहिला प्रवेश मिळाला 1976 साली. शनिवारी ही हजेरी नसते, म्हणून शुक्रवारचा आग्रह.

यार्डात फिरायला पैसे पडत नाहीत, माहिती सांगणाऱ्याबरोबरच्या फेरीला पडतात. चॅपेलच्या हिरव्या घुमटाखाली तळघरात जॉन पॉल जोन्सची समाधी आहे. अमेरिकी नौदलाचा हा पहिला मोठा वीर पॅरिसमध्ये वारला, 1905 साली त्याचे अवशेष इकडे आणले आणि 1913 मध्ये इथे ठेवले. खरा वेळ द्या प्रेबल हॉलमधल्या संग्रहालयाला. तिथे गलबतांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्यातल्या काही नेपोलियनच्या काळातल्या युद्धकैद्यांनी जेवणातल्या हाडांपासून कोरलेल्या आहेत. दोऱ्या, डोलकाठ्या, तोफांची तोंडं, सगळं हाडाचं आणि नखाएवढं. मला तिथून हलवेना.

आता खेकडे. नवऱ्याला शनिवार असतो, म्हणून शुक्रवारची संध्याकाळ खेकड्यांसाठी राखली. आम्ही गेलो कँटलर्सला. गावाबाहेर मिल क्रीकच्या काठावर, वाकड्यातिकड्या रस्त्याच्या टोकाला, 1974 पासून चालू असलेलं ठिकाण आहे. टेबलावर तपकिरी कागद अंथरतात, लाकडी हातोड्या आणि सुऱ्या ठेवतात आणि वाफेवर शिजवलेले खेकडे थेट कागदावर ओततात. ताटं नाहीत. हा चेसापीक उपसागराचा निळा खेकडा, शिजल्यावर भगवा होतो. कवचावर मसाल्याचा जाड, खारट थर असतो. मेरिलँडमध्ये घराघरात असलेला असा मसाला म्हणजे ओल्ड बे. जर्मनीतून जीव वाचवून बाल्टिमोरला आलेल्या गुस्ताव ब्रुन नावाच्या ज्यू माणसानं तो बनवला. सेलरीचं मीठ, मिरी, लाल तिखट आणि बरंच काही. मसाला मांसाला लागतच नाही. तो बोटांना लागतो आणि बोटांवरून मांसाला. म्हणून हात धुवत बसू नका, नाहीतर नुसतं गोडसर मांस खाल.

फोडायची पद्धत अशी: खेकडा उताणा करायचा, पोटावरच्या झाकणाखाली सुरीचं टोक घालून ते उचकटायचं, वरचं कवच काढायचं, कल्ले टाकून द्यायचे, धड मधोमध मोडायचं. मग कप्प्याकप्प्यांतून पांढरं मांस निघतं. नराचं झाकण अरुंद आणि उंच, मादीचं रुंद. इथले लोक नराला वॉशिंग्टनच्या स्तंभाची आणि मादीला कॅपिटॉलच्या घुमटाची खूण सांगतात. मालवणी माणसाला हे सांगावं लागत नाही, आम्ही कुर्ली उलटी करूनच विकत घेतो. एका गोष्टीनं मात्र जीव हळहळला. बारके पाय सगळे टाकून देतात. आमच्याकडे तेच पाय वाटून, गाळून, ते पाणी रश्शात जातं, आणि रश्शाला खरी चव त्याचीच. डेंगे मात्र अप्रतिम, हातोडीचा एकच बेताचा घाव पुरतो. खेकड्यांचा दर रोज बदलतो, बसण्याआधी डझनाचा भाव विचारून घ्या. आम्हाला ते पैसे वसूल वाटले. ताजेपणाला मी पूर्ण गुण देते, आणि कुर्ल्यांच्या बाबतीत मी सहज गुण देत नाही.

शनिवारी सकाळी मेन स्ट्रीटवरच्या चिक अँड रूथ्स डेलीत न्याहारी केली. 1965 पासूनचं दुकान, सँडविचना राजकारण्यांची नावं. रोज सकाळी ठरल्या वेळी सगळे गिऱ्हाईक घास खाली ठेवून उभे राहतात आणि राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणतात. आम्हीही उभे राहिलो. शाकाहाऱ्याला अंडी, पॅनकेक, बटाटे मिळतात, नवऱ्याचं नीट भागलं.

मैदान यार्डात नाही, गावाच्या दुसऱ्या बाजूला आहे. सामन्याच्या दिवशी गाडी काढण्यापेक्षा चालत जाणं शहाणपणाचं. नेव्ही-मरीन कोअर मेमोरियल स्टेडियम 1959 चं, जागा 34,000. टेंपल आपले सामने ईगल्स या फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाच्या अवाढव्य मैदानावर खेळतं, तिथे आमची गर्दी हरवून जाते. इथे प्रत्येक आवाज पोचतो. स्टँडच्या दर्शनी पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत लढायांची नावं आहेत: मिडवे, कोरल सी, ग्वाडलकॅनाल, इवो जिमा. खुर्च्यांच्या पाठींवर आणि भिंतींवर माणसांच्या नावांच्या पट्ट्या. बसण्याआधी आपल्या खुर्चीवरचं नाव वाचा. मी वाचलं, आणि बाबांच्या जहाजावरचे काका लोक आठवले.

आणि काही झालं तरी सामन्याच्या तासभर आधी आत बसा. ब्रिगेड अकादमीतून गावातून चालत येते आणि कंपनीमागून कंपनी मैदानात उतरते. पांढऱ्या गणवेशांनी हिरवळ भरत जाते, आणि ती पूर्ण भरेपर्यंत कुणी खायला उठत नाही. सामन्यापेक्षाही हे बघायला मी परत जाईन.

खेळाबद्दल थोडं. पदवीनंतर निदान पाच वर्षं नौदलात नोकरी आणि अंगकाठीचे नियम, त्यामुळे एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची, स्वप्नं बघणारे तीनशे पौंडी धिप्पाड गडी या अकादमीकडे फारसे वळत नाहीत. नेव्हीचा रॉजर स्टॉबॅक 1963 चा हाइसमन विजेता, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, पण नौदलातली वर्षं संपवून व्यावसायिक मैदानावर उतरला तो 1969 साली. म्हणून नेव्हीनं वर्षानुवर्षं ट्रिपल ऑप्शन हे शस्त्र वापरलं: चेंडू मधून घुसणाऱ्याला द्यायचा, क्वार्टरबॅकनं, म्हणजे डाव चालवणाऱ्यानं, स्वतः पळायचं, की कडेनं धावणाऱ्याकडे टाकायचा, हे समोरचा बचावपटू कुठे झुकतो ते बघून क्षणात ठरवायचं. कबड्डी बघणाऱ्याला यातली गंमत लगेच कळते. अलीकडे त्यांनी डाव बदलले आहेत, पण पळून मैदान खाणं अजून तेच. आमच्या पोरांची यात दमछाक झाली. नेव्हीनं गुण केला की तोफ उडते आणि पहिल्या वर्षाची मुलं, म्हणजे प्लीब, तोवरच्या एकूण गुणांइतके जोर काढतात. आधी सात, मग चौदा, मग एकवीस. धावफलक चढतो तसे त्यांचे हात भरून येतात, पण कुणी थांबत नाही. बोकड बिल हा शुभंकरही असतो, 1893 पासूनची परंपरा.

चेरी रंगाचा शर्ट घालून आम्ही नेव्हीच्या माणसांच्या मधोमध बसलो होतो. शेजारचे निवृत्त नौसैनिक लेकीला प्रत्येक डाव समजावत होते. आम्ही एक छान पास पकडला तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या. इतर गावांत समोरच्या संघाच्या शर्टाला काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे, म्हणून हे ठळकपणे लिहिते. शेवटी अकादमीचं गीत झालं. हरलो होतो तरी आमच्या रांगेतलं टेंपलचं कुणीही आधी निघालं नाही.

तक्रार एकच, राहण्याची. सामन्याच्या शनिवारी भाव भयंकर चढतात. आम्ही उतरलो त्या गावाबाहेरच्या हॉटेलानं आरक्षणात नसलेला पार्किंगचा आकार निघताना लावला आणि वाद घालूनही कमी केला नाही. मुक्कामाचं आरक्षण वेळापत्रक लागल्याबरोबर करा आणि सगळे आकार लेखी मागा. गावाला मी पाचपैकी पाच देते, राहण्याच्या सोयीला तीन.

रविवारी सकाळी स्टेट हाउस बघा. 23 डिसेंबर 1783 रोजी जॉर्ज वॉशिंग्टननं सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो इथेच, आणि मेरिलँडचं विधिमंडळ आजही याच इमारतीत भरतं. तिथून उतारानं सिटी डॉकवर या. ॲलेक्स हेलीच्या 'रूट्स' या पुस्तकानुसार 1767 मध्ये गुलाम म्हणून इथे उतरवलेल्या कुंटा किंटेचं स्मारक धक्क्यावरच आहे. मोठ्या भरतीला डॉकवर पाणी चढतं, तेव्हा तिथे जाण्याआधी भरतीची वेळ बघा. फिलाडेल्फियाला परतताना 95 नंबरच्या महामार्गाच्या गर्दीत न अडकता चेसापीकवरच्या बे ब्रिजवरून 301 नंबरचा रस्ता धरा. पुलाचा टोल पूर्वेकडे जातानाच, म्हणजे या वाटेनं परतताना, लागतो, पण रस्ता मोकळा मिळतो आणि कडेला शेतकऱ्यांच्या मांडवात ताजी मक्याची कणसं मिळतात.