बीपी-शुगरच्या गोळ्या: गावातलं मेडिकल की आरोग्य केंद्र?

बाबांच्या दर महिन्याच्या गोळ्या कुठून घ्याव्या, असं एका भाऊंनी विचारलं.

पैशाचं सोपं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची ॲम्लोडिपिन, शुगरची मेटफॉर्मिन फुकट, मेडिकलमध्ये खिशातून. पण केंद्रात साठा कधी कधी संपतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ओपीडीच्या वेळेत जायचं म्हणजे मजुरी बुडाली. मेडिकल संध्याकाळीही उघडं.

खरा फरक समजावून सांगण्यात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला औषधाची माहिती देणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, नुसतं पाकीट हातात ठेवणं नाही. केंद्रात औषध निर्माण अधिकारी, म्हणजे सरकारी फार्मासिस्ट, एकटा, रांग दारापर्यंत. सकाळ-संध्याकाळ सांगितलं की पुढचा नंबर. मेडिकलवाला ओळखीचा असला तर म्हणतो, "काकाजी, ही जेवणासोबत घ्या. अन् गुडघ्याची गोळी मनानं घेऊ नका, बीपी वाढते." मात्र काउंटरवर बसलेला खरंच फार्मासिस्ट आहे का, ते बघा. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि गोळ्या देणारा दुसराच, हे काही नवीन नाही.

डोस ठरलेला, शुगर आटोक्यात असेल तर केंद्रच बरं. नवीन गोळी सुरू झाली किंवा पाच-सहा औषधं एकत्र चालू असतील, तर जाणता फार्मासिस्ट असलेलं मेडिकल. सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्या.