एचएफ जेल आणि सिलेन, आठ महिने वापरून झाल्यावर

मे महिन्यात ५% एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) जेल आणि दोन बाटल्यांचं सिलेन घेतलं, सिरॅमिकची कॅप किंवा व्हेनियर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) सिमेंटनं पक्कं बसावं म्हणून. कोल्हापुरात राजारामपुरीत दातांचं छोटं क्लिनिक आहे माझं, एकच चेअर. आधी एचिंग (ॲसिडनं सिरॅमिकचा आतला भाग खरबरीत करणं) लॅबमधूनच होऊन यायचं आणि मी कॅप किंवा व्हेनियर ट्राय-इन करून (दातावर बसवून बघून), पाण्यानं धुऊन, सरळ सिमेंट लावायचो. मग एक दिवस कागलचा पेशंट टिश्यूत गुंडाळलेला ई-मॅक्सचा (लिथियम डायसिलिकेट सिरॅमिकचा) व्हेनियर घेऊन हजर, म्हणे "डॉक्टर, ऊस पण नाही चावला हो, नुसती भाकरी." बघितलं तर रेझिन सिमेंट सगळं दाताला चिकटलेलं आणि सिरॅमिक आतून कोरं करकरीत. म्हणजे दाताकडचं काम बरोबर होतं, माती खाल्ली ती सिरॅमिकच्या बाजूनं. एच केलेल्या पृष्ठभागावर ट्राय-इनची लाळ बसली होती, ती नुसत्या पाण्यानं जात नाही राव.

आता ट्राय-इन आधी, एचिंग नंतर, तेही माझ्याच हातानं. ई-मॅक्सला २० सेकंद, मोबाइलवर टायमर लावून. पहिल्या महिन्यात "अजून थोडं राहू दे" म्हणून मिनिटभर ठेवायचो, ते चुकीचंच होतं, कारण ॲसिड काचेचा भाग विरघळवतं आणि लिथियम डायसिलिकेटचे स्फटिक उघडे पडतात, जास्त ठेवलं तर सिरॅमिकच कमकुवत होतं. फेल्डस्पॅथिक पोर्सेलिनला मात्र वेळ जास्त लागतो, तिथं कंपनीचं पत्रक बघा. धुतल्यावर पांढरट थर दिसला तर तसाच सिलेन लावायचा नाही, तो क्षारांचा गाळ असतो, मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनरला टाकतो, मग खडूसारखा एकसारखा पांढरा पृष्ठभाग दिसतो. आणि हो, ३७% फॉस्फोरिक ॲसिडनं सिरॅमिक एच होत नाही, फक्त साफ होतं. मी स्वतः हे वर्षभर चुकीचं समजत होतो.

सिलेनचं एक टोक सिरॅमिकमधल्या सिलिकाला धरतं, दुसरं रेझिनला. पातळ थर, ६० सेकंद, मग हवा मारून कोरडं. जाड लावला की फायदा नाही. दोन बाटल्यांचं, वापरताना मिसळायचं सिलेन घेतलं कारण एकाच बाटलीत येणारं आधीच हायड्रोलाइझ झालेलं (पाण्याशी क्रिया होऊन तयार) असतं, ते उघडल्यावर लवकर खराब होतं, आणि आपल्याकडचा जुलै तर माहितीच आहे, भिंतीसुद्धा ओल्या. माझी जुनी बाटली ताकासारखी गढूळ झाली होती, फेकली. मिसळायला अर्धा मिनिट जास्त जातो, चालतंय.

जेलबद्दल तक्रार एकच, सिरिंजचं टोक जाड आहे, बारीक व्हेनियरच्या कडेला पसरतं. आणि हे ॲसिड हलक्यात घेऊ नका, कमी टक्क्याचं लागलं तरी लगेच दुखत नाही, आत जात राहतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ड्रॉवरमध्ये आणल्याशिवाय सिरिंज उघडलीच नाही मी. असिस्टंट ताईंना हात लावू देत नाही, वापरलेलं जेल खायच्या सोड्यानं मारूनच टाकतो.

झिरकोनियासाठी (दुसरं, जास्त कडक सिरॅमिक) हे घेत असाल तर घेऊ नका, त्यात काचच नाही, एचएफ काय खाणार? तिथं ५० मायक्रॉनची ॲल्युमिना पावडर ब्लास्टरनं कमी दाबानं मारायची आणि मग एमडीपीवाला (झिरकोनियाला धरणारं फॉस्फेट असलेला) प्रायमर. लाळ लागली तर फॉस्फोरिकनं धुवायचं नाही, फॉस्फेट झिरकोनियाला धरून बसतं आणि एमडीपीला जागाच राहत नाही. ब्लास्टर माझ्याकडे नाही अजून, ट्राय-इन झालं की पेशंटला बसवून शेजारच्या लॅबमध्ये पळतो.