७६,७०० रुपयांचा 'ग्राउंड सर्व्हे' आणि डोंगरावरची मेडिकल दुकानं

दुकानांच्या लोकेशनची यादी विकत घेताना मी कसा फसलो, ते सांगायचंय. आधी हिशोब मांडतो. ३२,४५० रुपये आगाऊ. ३२,४५० फाइल देताना. नंतर 'री-फिल्टरिंग'च्या नावाखाली ११,८००. एकूण ७६,७००. त्यातले ११,७०० रुपये जीएसटी म्हणून घेतले होते आणि सरकारकडे त्यातला छदामही पोचलेला नाही. हे सगळं लिहायची लाज वाटते, कारण मी स्वतः नकाशांचं काम करतो. 'जीआयएसवाल्यालाच (म्हणजे संगणकावर नकाशे करणाऱ्यालाच) लोकेशन विकून गेला' हा विनोद माझ्या मित्रमंडळींत करून झालाय, तुम्ही नवीन काही करू नका.

पुण्यातल्या एका औषध वितरकाचं काम होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली मेडिकल दुकानं नकाशावर हवी होती, म्हणजे एमआर लोकांचे (औषधांच्या फिरत्या प्रतिनिधींचे) मार्ग आखता येतील. काम १,४०,००० रुपयांचं, मुदत दिवाळीच्या आत. ऑफिसात मी आणि पगारावरची दोन पोरं. तीन जिल्हे पायी पालथे घालणं शक्य नव्हतं. 'गूगलवरून उचलायचं की' म्हणणाऱ्यांनी गूगल मॅप्सच्या अटी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. तिथली माहिती घाऊक उतरवून स्वतःची यादी बनवायला त्यात मनाई आहे, आणि माझा क्लायंट वकिलाकडून करार तपासून घेणाऱ्यांतला. म्हणून रीतसर बिलावर डेटा विकत घ्यायचं ठरवलं. रीतसर! हा शब्द आता मलाच चावतो.

विक्रेता मिळाला एका व्यावसायिक ग्रुपवर. बोलणं गोड, मराठी अस्सल, दर वाक्याला 'सर'. त्याच्या म्हणण्यानुसार तीन जिल्ह्यांतली ६,२०० मेडिकल, प्रत्येक दुकानासमोर उभं राहून घेतलेलं लोकेशन, फोन नंबर, ड्रग लायसन्सचा क्रमांक आणि 'आमच्या फील्ड टीमने दिलेला तपासणी गुण'. दर ५५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६४,९००. भागाकार केला तर एका दुकानाला ८ रुपये ८७ पैसे पडतात. शाहूवाडीच्या टोकाला मोटारसायकलवरून जाऊन, फोटो काढून, लायसन्सचा क्रमांक उतरवून आणायचे ८ रुपये ८७ पैसे! पेट्रोलही सुटणार नाही. मी हा भागाकार तेव्हा केला होता, आणि विचारलंही होतं. तो म्हणाला, "सर, सर्व्हे एकदाच होतो, विकतो आम्ही पंधरा जणांना." पटलं. खरं सांगा, तुम्हाला पटलं नसतं?

पण जिथे मला कळायलाच हवं होतं ती जागा ही नव्हे. ती नमुन्याची. त्याने स्वतः होऊन विचारलं, "तुम्हाला कुठला भाग चांगला माहीत आहे? त्याच भागाचा सॅम्पल देतो, तुम्हीच तपासा." मी कोल्हापुरातली राजारामपुरी सांगितली, कारण कॉलेजची वर्षं तिथे गेलीत. मनात म्हटलं, चोर असता तर निवड माझ्यावर सोडली असती का? सॅम्पल आला आणि तो निर्दोष होता. दुकानं जागच्या जागी, गल्ल्या बरोबर, फोन लावले तर उचलले. फक्त तो आला दोन दिवसांनी.

दोन दिवसांनी! डेटा तयार असेल तर राजारामपुरीच्या ओळी वेगळ्या काढायला दोन मिनिटं लागतात. दोन दिवस लागतात ते एखाद्याने बसून, एकेक दुकान शोधून, हाताने यादी बनवली तर. मी रोज हेच काम करतो, फिल्टर लावायला किती वेळ लागतो हे मला झोपेत विचारा. आणि तरी मी त्याला 'धन्यवाद सर, उत्तम काम' असा मेसेज पाठवला. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. पुसवत नाही.

पूर्ण फाइलमध्ये ६,२१४ ओळी होत्या. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर लांबून भरगच्च दिसली. मुदत डोक्यावर होती, दुसरा हप्ता 'फाइल उघडताच' द्यायचा ठरला होता, तो दिला. झूम करून बघितलं ते नंतर. ठिपके मोजावे तितके नव्हतेच, कारण एकावर एक रचलेले होते. शाहूवाडी तालुक्यातली ९३ दुकानं एकाच बिंदूवर, आणि तो बिंदू झाडीतल्या डोंगरउतारावर. धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको: पत्ता सापडला नाही की जिओकोडर, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणारं सॉफ्टवेअर, पिनकोडच्या हद्दीचा मध्य काढून देतो आणि गप्प बसतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला तो पत्रं वाटायला. एकेका पिनखाली कितीतरी वाड्या-वस्त्या येतात, दुकानाचा दरवाजा त्यात शोधायचा नसतो. अशा २,१४० ओळी निघाल्या. डेटा हातात आला की पहिलं काम हे करा: अक्षांश-रेखांशाच्या जोडीवर गट पाडा आणि एका जोडीवर किती नावं बसलीत ते मोजा. एका इमारतीत दोन-तीन मेडिकल असू शकतात. ९३ नसतात.

मग हद्द. त्याने तीन जिल्ह्यांच्या सीमा वापरल्याच नव्हत्या. नकाशावर एक चौकोन ओढला होता आणि आत पडेल ते 'कोल्हापूर-सांगली-सातारा' म्हणून दिलं होतं. त्यात निपाणी आली, चिकोडी आली, अथणी आली. आपल्या नेत्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते या गृहस्थाने एका चौकोनात केलं. पलीकडून कणकवली आणि सावंतवाडी, वरून पंढरपूर. एकूण १,२३६ दुकानं जिल्ह्यांबाहेरची. ६८८ ओळी तीच दुकानं पुन्हा, एकदा 'मेडिकल', एकदा 'मेडिकल्स', एकदा 'मेडिकल अँड जनरल स्टोअर्स'. आणि ३७३ ठिकाणी औषधाची गोळीच मिळत नाही: 'औषध' शब्दावर फिल्टर लावल्यामुळे खतं-कीटकनाशकं विकणारी कृषी सेवा केंद्रं आली होती, 'मेडिकल' शब्दावर मेडिकल कॉलेजचा बसथांबा आणि कँटीन. उरली १,७७७.

लायसन्सच्या रकान्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी 'उपलब्ध नाही' होतं, आणि जिथे क्रमांक होते तिथे एकच क्रमांक लागोपाठ सात-आठ दुकानांना.

हा माल आला कुठून, ते कळलं तेव्हा मात्र डोकं फिरलं. काही वर्षांपूर्वी हौस म्हणून मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकतो अशा खुल्या नकाशावर, गावाकडची दुकानं टाकत असे. कोडोलीतल्या एका मेडिकलच्या नावात घाईघाईत 'स्टोअर्स्स' असं टाइप केलं होतं. त्याच्या फाइलीत तेच दुकान, तोच 'स्टोअर्स्स', आणि पुढे शेरा: 'फील्ड टीमने पडताळले'. ते दुकान बंद होऊन तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मी फुकट दिलेली माहिती, माझ्या टायपिंगच्या चुकीसकट, मलाच विकत घ्यावी लागली.

'तपासणी गुण' म्हणजे ०.७७, ०.४१ असले आकडे. हे ओव्हरचर मॅप्सच्या ठिकाणांच्या फाइलीतले. अमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी २०२२ च्या डिसेंबरात नकाशांची खुली माहिती देणारी ही संस्था काढली. त्यांच्या प्रत्येक ठिकाणापुढे शून्य ते एक असा एक आकडा असतो, हे ठिकाण खरंच अस्तित्वात असण्याची शक्यता किती, ते सांगणारा. यंत्राने काढलेला अंदाज. याने रकान्याचं नाव बदललं आणि तोच फील्ड टीमच्या नावावर खपवला. ०.४१ गुणांचं दुकानसुद्धा 'पडताळलेलं'! मला ओळखता आलं नाही, कारण आमची सगळी कामं शेपफाइल (नकाशाच्या फाइलचा जुना प्रकार) आणि सरकारी हद्दींवरची, ओव्हरचर मी तोवर उघडलंच नव्हतं. कुणी म्हणेल उघडायला हवं होतं. म्हणा.

फुकटची माहिती विकणं हा गुन्हा नव्हे, हेही सांगून ठेवतो. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना विक्रीला आडवा येत नाही, फक्त श्रेय द्या आणि त्यावर बेतलेला माहितीसाठा पुढे दिलात तर त्याच अटींवर द्या म्हणतो. फोरस्क्वेअर या लोकेशनच्या माहितीतल्या कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात दहा कोटींहून जास्त ठिकाणं खुली केली, तीही व्यवसायात वापरायला मोकळी आहेत. कुणी हे सगळं गोळा करून, नीट गाळून, 'गाळायचे इतके पैसे' म्हणून मागितले असते तर मी आनंदाने दिले असते. याने स्रोत पुसला आणि न झालेला सर्व्हे विकला.

मी फोन केला तर अजिबात वरमला नाही. "सर, रॉ फाइल गेली वाटतं, टीमकडून री-फिल्टर करून देतो, सर्व्हर चार्जेस तेवढे." ११,८००. दिले. का दिले? क्लायंट रोज फोन करत होता, आधीचे ६४,९०० अडकले होते, आणि बुडत्याने काय करायचं? या वेळी पैसे कंपनीच्या नाही, एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले. तेही दिसलं होतं. बदललेली फाइल आली, तिच्यात ओळींचा क्रम तेवढा बदललेला. त्यानंतर फोन बंद. तोवर क्लायंटने पहिल्या फाइलीवर एक मार्ग आखून घेतला होता. त्यांचा एमआर शाहूवाडीच्या त्या डोंगरावर जाऊन आला आणि माझ्या बिलातून २५,००० कापले गेले.

सीएने जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता, काढून विचारलं, "हे बिल दिसत का नाही?" बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर निघाला एका फर्निचरवाल्याचा, नोंदणी रद्द झालेली. सुरुवातीचे २७ बरोबर, महाराष्ट्राचे. पंधरा अक्षरं बरोबर. नाव दुसऱ्याचं. हे बघायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, अर्धा मिनिट लागतो. आगाऊ रक्कम देण्याआधी बघा, नंतर बघून फक्त राग येतो.

आता आपल्या यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "कुणाचं लोकेशन काढायचं होतं तुम्हाला?" मी म्हटलं, दुकानांचं. "दुकानं कुठे पळून जातात?" शेजारचे हसले. नकाशा उघडून दाखवला, ठिपके दाखवले. मग साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे तुम्ही डेटा विकत घेतलात. डेटा विकत घेणं कायद्यात बसतं का? उद्या तुमच्यावरच यायचं." मी तक्रारदार म्हणून गेलो होतो, पाच मिनिटांत संशयित झालो. दुकानाचा पाटीवरचा पत्ता म्हणजे कुणाची खाजगी माहिती नव्हे, हे समजावण्यात चहा गार झाला. मग खास मुद्दा: "फाइल आली ना तुम्हाला? माल मिळाला म्हणजे फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." खोटा सर्व्हे सांगून पैसे घेतले, दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक छापला, हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं ३१८ हे फसवणुकीचं कलम मग कशासाठी? ते म्हणाले, खातं बाहेरगावच्या शाखेचं आहे, तिकडे जा. नव्या कायद्यात हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, असं मी म्हटलं. "मग तुम्हीच लिहा एफआयआर," असं उत्तर मिळालं. शेवटी अर्ज घेतला. पोच मात्र शिक्क्यासकट मागून घेतली. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" हे एकच वाक्य, प्रत्येक खिडकीवर, जणू पाठ करून घेतलंय. समोरच्या खात्याबद्दल काही सांगणार नाहीत, गोपनीयता! चोराची गोपनीयता हे लोक जिवापाड जपतात. करकार्यालयात म्हणाले, तक्रार ऑनलाइन करा. ऑनलाइन केली तर शेरा आला, संबंधित कार्यालयाशी संपर्क साधा. ग्राहक आयोगाबद्दल वकिलाला विचारलं. २०१९ च्या कायद्यात व्यापारी उद्देशाने घेतलेल्या वस्तू-सेवा वगळल्यात. पोटासाठी स्वतःचा उद्योग करणाऱ्याला सूट आहे, पण तुम्ही दोन पगारी माणसं ठेवलीत, समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल, असं त्यांचं मत. म्हणजे दोन पोरांना नोकरी दिली हा माझा अपराध. एकटा असतो तर ग्राहक ठरलो असतो!

पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन लावा, रक्कम पुढे सरकायच्या आत. मला कळेपर्यंत तीन आठवडे उलटले होते, खात्यात काय उरणार?

क्लायंटचं काम मी शेवटी खुल्या फाइलींवरच पुरं केलं. चौकोनाऐवजी जिल्ह्यांच्या खऱ्या हद्दींनी कापलं, ०.६ च्या खालचे गुण बाजूला काढले, पन्नास मीटरच्या आतली सारखी नावं एक केली, आणि उरलेल्या प्रत्येक दुकानाला पोरांनी फोन केले. ते फोनच महाग पडले, पण सर्व्हे म्हणतात तो हाच. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली नाही ना, तेही बघून घ्या. कोल्हापूर उलटं टाकलं तर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतं. त्याच्या फाइलीत तीही अकरा दुकानं होती.

परवा ग्रुपवर नव्या नावाने जाहिरात आली: 'विदर्भ, अकरा जिल्हे, सर्व हॉस्पिटल्स, ग्राउंड सर्व्हे'. भाषा तीच, 'तुम्हाला माहीत असलेल्या भागाचा सॅम्पल मागा' हे वाक्यही तेच. मागायचाच असेल तर फोन चालू असताना मागा, भामरागडचा मागा, आणि तो स्क्रीनवर येईपर्यंत फोन ठेवू देऊ नका.