पेलेट स्मोकर: भरतासाठी नको, तंगड्यांसाठी जरूर

डॅलसच्या उन्हाळ्यात कोळशापुढे उभं राहायची हौस फिटली, म्हणून पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या कांड्यांच्या धुरावर मांस शिजवणारी विजेवरची शेगडी, घेतला. खोक्यातून काढून लगेच मांस चढवायचं नाही. आधी रिकामाच ३५० फॅरनहाइटवर तासभर तापवायचा, म्हणजे आतलं कारखान्याचं तेल जळून जातं. लाकडाच्या भुशाच्या कांड्या ऑगर हा मळसूत्री दांडा पुढे ढकलतो, तापलेली सळई त्या पेटवते, पंखा हवा देतो. सगळं विजेवर. लाइट गेली की स्वयंपाक बंद!

सुरुवात कोंबडीच्या तंगड्यांनी करा, ब्रिस्केटच्या (गाईच्या छातीकडच्या मांसाच्या) भानगडीत एवढ्यात पडू नका. दही, आलं-लसूण, काळा मसाला लावून मी त्या तासभर २२५ वर ठेवते, मग ३७५ वर. मांसाच्या आतलं तापमान १७५ च्या पुढे गेलं की हाड अलगद सुटतं. शेवटपर्यंत २२५ वरच ठेवलंत तर कातडी चिवट राहते. सफरचंदाच्या लाकडाचा धूर मसाल्यावर कुरघोडी करत नाही, मेस्कीट या झाडाच्या लाकडाचा करतो.

भरताचं वांगं मात्र यात नको. मऊ होतं, पण साल करपत नाही, आणि करपल्याशिवाय कसलं भरीत? त्याला आपला गॅसच बरा.

कोळशाच्या मानाने धूर सौम्य. आमचे टेक्सासी शेजारी याला 'ओव्हन' म्हणून हिणवतात. हिणवोत बापडे, तंगड्या उरत नाहीत. कांड्या घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा. ओल लागली की फुगून त्यांचा भुसा होतो आणि ऑगर अडकतो. एवढे पैसे मोजून पावसाळी कव्हर मात्र वेगळं विकत घ्यावं लागलं, ते खटकलंच.